एका घरात दोन कारभारी

काय मंडळी, गेल्या आठवड्यात सायकलची उतरलेली चेन बसवायची खटपट केलीत ना? ज्यांचे हात काळे झाले नाहीत, त्यांनी ती केलीच नाही, एवढं मामाला न सांगता कळतं! असो. या आठवड्याची खटपट माझ्या घरची नाही. ती आहे वाईची, माझ्या ताईच्या सासरच्या वाड्यातली.

शुक्रवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. पलीकडे माझी भाची चिमी. इयत्ता आठवी. एरवी बोलायला लागली की थांबत नाही, आज मात्र नुसतं नाक ओढण्याचा आवाज.

“मामा, माझ्यामुळे सगळ्या घराचं इंटरनेट गेलं. बाबा म्हणाले, पुन्हा त्या डब्याला हात लावशील तर बघ. आणि माईआजी तर काहीच बोलत नाहीये.”

“अगं पण केलंस काय?”

“दुसरा राउटर जोडला.”

हात्तिच्या! म्हणजे पोरीने काम चांगलंच करायला घेतलं होतं. रविवारी सकाळची एस.टी. पकडून मी वाईला हजर झालो.

आता आधी घर समजून घ्या. वाडा जुना. दिंडी दरवाजातून आत गेलं की सोपा, मग चौक, चौकापलीकडे माजघर आणि माजघरामागे एक अंधारी खोली. भिंती दगडाच्या आणि मातीच्या, चांगल्या दोन हात जाड. उन्हाळ्यात आत गेलं की माठात बसल्यासारखं गार वाटतं. इंटरनेटची तार रस्त्यावरून येते, म्हणून राउटर बसवलाय पुढे सोप्यात.

ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या माई, रोज संध्याकाळी सात वाजता सोप्यात टॅब्लेट घेऊन बसत. बडोद्याला त्यांची धाकटी बहीण असते. दोघी रोज बोलणार म्हणजे बोलणार. पण त्या बडोद्याच्या आजींना आता अजिबात ऐकू येत नाही. त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. त्यामुळे नुसता फोन काही कामाचा नाही. चित्रच दिसायला हवं, आणि तेही न अडकता.

दीड महिन्यापूर्वी माई पाय घसरून पडल्या. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चार पावलं टाकतात, पण सोप्याच्या दोन उंच पायऱ्या चढायची डॉक्टरांनी मनाई केलीय. मुक्काम माजघरामागच्या खोलीत. आणि तिथे वायफाय येतं कसं, तर एक काडी, कधी तीही नाही. चित्र मध्येच गोठतं. ओठ उघडे ते उघडेच! बडोद्याच्या आजींना एक शब्द कळेना. त्यांनी मनाशी पक्कं धरलं की ताईची तब्येत फार बिघडलीय आणि वाईची मंडळी आपल्यापासून लपवताहेत. त्यांनी जेवण कमी केलं. हे ऐकून इकडे माईंनीही.

चिमीने हे सगळं पाहिलं, आणि माळ्यावर पडलेला जुना राउटर काढला. आधीच्या जोडणीचा होता तो, चालू स्थितीतला. लांब तार आणून तिने तो पुढच्या राउटरला जोडला. दिवे लागले. माईंच्या खोलीत वायफायच्या काड्या भरभरून दिसल्या. चिमीने टाळी वाजवली, आणि पाचच मिनिटांत सोप्यातून दाजींचा आवाज आला, “इंटरनेट कुणी बंद केलं?” त्यांची ऑफिसची बैठक चालू होती. ती अर्ध्यातच तुटली. मग जे व्हायचं ते झालं.

तर प्रश्न असा, की काड्या भरपूर, दिवे हिरवे, तारा नीट, आणि तरी सगळं घर ठप्प. का बरं?

चौकात बसून मी चिमीला विचारलं, “तुमच्या वर्गात हजेरी नंबर कोण देतं?”

“वर्गशिक्षिका बाई.”

“आणि समज, एके दिवशी दोन बाई एकदम वर्गात आल्या. दोघींनी आपापली वही काढली आणि नंबर द्यायला सुरुवात केली, तर?”

“पाच नंबरची दोन मुलं होतील. बाई म्हणतील पाच नंबर, उभा राहा, की दोघंही उभे राहतील!”

झालं! तुमच्या घरात नेमकं तेच झालं होतं.

दोस्तांनो, राउटर हा दिसायला एक डबा असला तरी त्याच्या पोटात चार कामगार असतात. पहिला, घराचा दरवाजा सांभाळणारा. घरातलं टपाल बाहेर आणि बाहेरचं आत, हे त्याचं काम. दुसरा, घरातल्या प्रत्येक फोनला, टॅब्लेटला, कॉम्प्युटरला नंबर वाटणारा. या कामाला डीएचसीपी म्हणतात. तिसरा, मागच्या खाचांमध्ये लावलेल्या तारा एकमेकींना जोडून देणारा. आणि चौथा, तारेतला निरोप हवेत सोडणारा, म्हणजे आपलं वायफाय.

घरातले नंबर बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. राउटरचा स्वतःचा नंबर पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. तुमच्या घरीही तो असेल आणि शेजारीही असेल. मग गोंधळ का होत नाही? कारण प्रत्येक वर्गात एक नंबरचा विद्यार्थी असतोच की! आठवी अ मधला एक नंबर आणि आठवी ब मधला एक नंबर भांडत नाहीत, कारण वर्ग वेगळे. जगात या पद्धतीचे एकूण नंबर आहेत सुमारे ४२९ कोटी. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र नंबर द्यायला ते पुरत नाहीत. म्हणून काही नंबर फक्त घरात, शाळेत, ऑफिसात वापरायला राखून ठेवले आहेत. १९२.१६८ चे नंबर त्यातलेच. १९९६ सालच्या नियमात ते तसे नोंदले आहेत.

चिमीने काय केलं होतं? दोन्ही राउटर एकाच वर्गात आणून बसवले. दोघांचाही नंबर १९२.१६८.१.१. दोघांच्याही हातात नंबर वाटायची वही. दाजींचा कॉम्प्युटर “एक नंबर कोण?” म्हणून विचारायचा, तर उत्तर कधी हा देणार, कधी तो. शिवाय नंबर देताना राउटर आणखी एक गोष्ट सांगतो, “बाहेर जायचं तर माझ्या दरवाजातून जा.” पुढच्या राउटरचा दरवाजा रस्त्यावर उघडतो. पण माळ्यावरच्या त्या जुन्या राउटरला बाहेरची तारच नव्हती. त्याचा दरवाजा उघडला की समोर भिंत!

“म्हणजे मामा, काड्या भरपूर होत्या त्या कशाच्या?”

“काड्या एवढंच सांगतात, की डब्यापर्यंतचा रस्ता चांगला आहे. डब्यापुढे रस्ता आहे की नाही, ते काड्यांना काय ठाऊक?”

चिमी थोडा वेळ गप्प बसली. मग एकदम म्हणाली, “मग दुसऱ्या राउटरने नंबर वाटूच नयेत. दरवाजाही सांभाळू नये. त्याने नुसतं तारेतलं हवेत सोडावं!”

शाब्बास! हीच ती किल्ली. मी सांगितली नाही हं, तिची तिने शोधली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका घरात दोन कारभारी चालत नाहीत. पुढचा कारभारी, मागचा मदतनीस. एवढं ठरलं की भांडण मिटलं.

तुम्ही विचाराल, मामा, ही तार कशाला? भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा तो छोटा डबा मिळतो, तो लावायचा की. मिळतो खरा. पण तो आधी पुढच्या राउटरचं ऐकतो आणि मग तेच पुन्हा मोठ्याने सांगतो. साध्या डब्यात ऐकणं आणि सांगणं एकाच वेळी जमत नाही, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि मुळात त्याला ऐकू तर यायला हवं! दोन हात जाड भिंतीच्या पलीकडे तो लावला, तर बहिऱ्यापाठी बहिरा अशी गत. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या. २.४ गिगाहर्ट्‌झवाल्या, त्यांची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास. आणि ५ गिगाहर्ट्‌झवाल्या, त्यांची साधारण सहा. दुसऱ्या जास्त वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमणाऱ्या. दगडमातीची जाड भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, हे सगळे त्यांचे शत्रू. माईंच्या खोलीच्या दारातच पाण्याने भरलेले दोन पितळी हंडे होते! तारेला मात्र यातलं काहीच आडवं येत नाही. साध्या नेटवर्कच्या तारेचा एक तुकडा १०० मीटरपर्यंत बिनघोर चालतो.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही कामाला लागलो. पण त्याआधी चिमीला दाजींकडे पाठवलं. “काय करणार, किती वेळ इंटरनेट बंद राहील, आणि बिघडलं तर परत कसं आणणार, हे तीन मुद्दे सांगून ये.” शुक्रवारी तिने न विचारता, बैठक चालू असताना तार जोडली होती. खरी चूक ती. डब्याची चूक दुरुस्त होते, ही आधी दुरुस्त करायला हवी. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सहापर्यंत काय ते करा. सातला माईचा फोन असतो.” म्हणजे त्यांच्याही लक्षात होतं तर!

आता कृती. ज्यांच्या घरी जुना राउटर पडलाय, त्यांनी वही काढा.

एक. पुढच्या राउटरला हात लावायचा नाही. त्याच्या पानावर जाऊन फक्त बघायचं आणि लिहून घ्यायचं. त्याचा स्वतःचा नंबर कोणता, आणि तो कुठपासून कुठपर्यंत नंबर वाटतो. आमचा होता १९२.१६८.१.१ आणि वाटत होता १०० ते २००. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकारही लिहून घ्या.

दोन. जुना राउटर वेगळ्या टेबलावर ठेवा. घराच्या तारेला जोडायचा नाही. त्याच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. राउटर चालू असताना त्यात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरा. तो आधीचं सगळं विसरतो आणि कोरी पाटी होतो.

तीन. कॉम्प्युटर तारेने फक्त या जुन्या राउटरला जोडा. त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर नंबर असतो, तो ब्राउझरमध्ये टाइप करा. (आकडे अर्थातच इंग्रजीत!) आतलं पान उघडेल. आत शिरायचा मूळ पासवर्ड लगेच बदला. जुन्या राउटरचा मूळ पासवर्ड अनेकदा सगळ्या जगाला ठाऊक असतो.

चार. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार पुढच्या राउटरसारखाच ठेवा, म्हणजे फोन घेऊन फिरताना दोन नावांमध्ये निवड करत बसायला नको. सुरक्षा मात्र डब्ल्यूपीए २ किंवा त्याहून नवी हवी. तेवढी सोयच नसेल तर तो राउटर माळ्यावर परत ठेवा. चॅनेल मात्र दोघांचे वेगळे. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये १, ६ आणि ११ हे एकमेकांच्या पायात येत नाहीत. आम्ही पुढच्याला १, मागच्याला ११ दिला.

पाच. आता जुन्या राउटरचा स्वतःचा नंबर बदला. आम्ही १९२.१६८.१.२ केला. पुढचा राउटर १०० पासून वाटतो, म्हणजे २ मोकळा. तुमचा राउटर २ पासूनच वाटत असेल, तर त्याच्या वाटपाबाहेरचा नंबर निवडा. नंबर बदलला की राउटर बंद होऊन चालू होतो. पुन्हा आत शिरताना नवा नंबर टाइप करायचा. इथे पुष्कळ जण घाबरतात, की राउटर मेला. मेलेला नसतो, घर बदललेला असतो!

सहा. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. नंबर वाटायची वही काढून घेतली! हे शेवटीच का? कारण वही काढून घेतल्यावर तुमच्या कॉम्प्युटरलाही त्याच्याकडून नंबर मिळणार नाही आणि पान उघडणं अवघड होईल.

सात. आता तार. पुढच्या राउटरच्या लॅन खाचेतून निघून मागच्या राउटरच्या लॅन खाचेत. वेगळ्या रंगाची जी वॅन नावाची खाच असते, ती मागच्या राउटरची रिकामीच राहू द्या. तिच्यात तार लावलीत तर घरात घर तयार होतं. इंटरनेट कदाचित चालेल, पण पुढचा प्रिंटर मागच्या खोलीला दिसणार नाही. काही राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ अशी तयार सोय असते. ती निवडली की पाच आणि सहा ही कामं तो स्वतःच करतो, आणि मग तार कुठे लावायची ते त्याचं माहितीपत्रक सांगतं.

तार ओढायचं काम चिमीने आधी सुतळीने मापून घेतलं. १७ मीटर भरलं, म्हणून २० मीटरची आणली. भिंतीला भोक पाडावं लागलं नाही. माजघराच्या भिंतीत छताजवळ जुना झरोका आहे, त्यातून तार गेली, तुळईच्या कडेकडेने. विजेच्या तारांपासून ती हातभर लांब ठेवली. शिडीवर मी चढलो, खालून चिमीने शिडी धरली. भिंत पाडायची किंवा शिडी चढायची वेळ आली तर मोठ्या माणसाला बोलवा. यात कमीपणा नाही.

पाच वाजता सगळं चालू. चिमीने फोन माईंच्या खोलीत नेला, तरी एकच काडी! तोंड पडलं बिचारीचं. पण फोन असतात चिकट. जुन्या राउटरचा बारीक आवाज येतोय तोवर ते त्यालाच धरून बसतात. वायफाय एकदा बंद करून चालू केलं, आणि काड्या भरल्या. फोनने दाखवलेला नंबर होता १९२.१६८.१.१०४ आणि दरवाजाचा नंबर १९२.१६८.१.१. म्हणजे वही पुढच्याच्या हातात, दरवाजाही पुढचाच. उत्तम!

आणि सहा चाळीसला सगळं पुन्हा बंद पडलं.

सोप्यात नाही, माजघरात नाही, कुठेच इंटरनेट नाही. दोन्ही राउटरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. दाजी दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, पण घड्याळाकडे बघितलं. चिमीचा चेहरा पांढराफटक.

“घाबरू नकोस,” मी म्हटलं. “पाचला चालत होतं ना? मग पाचनंतर काय बदललं ते शोध.”

तिने मागचा राउटर उलटा केला. त्याच्या दोन रिकाम्या लॅन खाचांमध्ये एक आखूड तार! एक टोक एकीत, दुसरं टोक शेजारच्या खाचेत. चिमीने आरोळी ठोकली, “पिंट्याऽऽ!”

आमचे धाकटे भाचे, इयत्ता दुसरी, खांबाआडून म्हणाले, “भोकं रिकामी दिसत होती म्हणून भरली.”

एवढ्याशा तारेने काय होतं? घरातली यंत्रं अधूनमधून सगळ्यांना उद्देशून पुकारा करतात, “अमुक नंबर कुणाचा आहे?” असा पुकारा राउटर सगळ्या खाचांमधून बाहेर सोडतो. पिंट्याच्या तारेतून तो पुकारा बाहेर पडला आणि शेजारच्या खाचेतून परत आत आला. राउटरला वाटलं, नवाच पुकारा! त्याने तो पुन्हा सगळीकडे सोडला. एकाचे दोन, दोनाचे चार, गावात अफवा फिरावी तसा. खऱ्या निरोपांना वाटच उरली नाही.

ही अडचण मोठमोठ्या संस्थांनाही छळायची. १९८५ साली अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ बाईंनी त्यावर तोडगा काढला. यंत्रांनी आपापसात बोलून जाळ्याचं एक झाड ठरवायचं. खोडापासून प्रत्येक पानापर्यंत एकच वाट. जास्तीची वाट असेल ती मिटून ठेवायची, आणि एखादी फांदी तुटली तरच उघडायची. त्याला म्हणतात ‘स्पॅनिंग ट्री’. बाईंनी हे सांगणाऱ्या आपल्या लेखात त्यावर एक छोटी कवितासुद्धा घातली होती! मोठ्या जाळ्यांतल्या यंत्रांत ही युक्ती असते. घरच्या साध्या राउटरमध्ये बऱ्याचदा नसते. म्हणून दोन राउटरांमध्ये एकच तार, आणि रिकामी खाच रिकामीच बरी.

चिमीने तार उपटली. दोन्ही राउटर बंद केले, आधी पुढचा चालू केला, मग मागचा. सातला तीन मिनिटं होती.

बरोबर सातला बडोद्याच्या आजी पडद्यावर आल्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पहिलं वाक्य बोलल्या, “आधी चालून दाखव!” ताईने टॅब्लेट धरला. माईंनी वॉकर घेतला आणि चार पावलं टाकली, वळल्या, चार पावलं परत आल्या. चित्र एकदाही अडलं नाही. बडोद्याच्या आजी किती वेळ नुसत्या बघत होत्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “मला वाटलं होतं, तुम्ही लपवताय.”

त्यानंतर गंमत झाली. माई पलंगावर बसल्या आणि दोघी बहिणी आवाजच न काढता बोलायला लागल्या. नुसते ओठ हलत होते, आणि मध्येच दोघी खो खो हसायच्या. आम्हाला कुणाला काहीसुद्धा कळेना. “काय बोलताय गं?” चिमीने विचारलं. माई म्हणाल्या, “ते तुमच्यासाठी नाही.”

दाजी दारातून बघत होते. म्हणाले, “चिमे, दोन्ही राउटरचे नंबर आणि पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेव. आणि वीज कडाडायला लागली की दोन्हीच्या पिना काढायच्या, ते काम आजपासून तुझं.” चिमीची मान एवढी डोलली की मला वाटलं निखळून पडते.

आता तुमची खटपट. घराचा नकाशा कागदावर काढा. प्रत्येक खोलीत फोन घेऊन उभे राहा आणि किती काड्या दिसतात ते त्या त्या जागी लिहा. मग भिंती, लोखंडी कपाटं, पाण्याची पिंपं नकाशात दाखवा. काड्या कुठे गळतात आणि का, ते तुमचं तुम्हालाच दिसेल. कदाचित दुसऱ्या राउटरची गरजच नसेल, आहे तोच जमिनीवरून उचलून उंच फळीवर ठेवला की काम होईल. आधी ते करून बघा. आणि हो, घरातल्या कुणाचं महत्त्वाचं काम चालू नाही ना, हे विचारून मगच तारेला हात लावा!

पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या खटपटीसह.

तुमचा,
खटपट्या मामा